गौतमीपुत्र सातकर्णि व त्याचा ठसा

गोंदियाच्या आसपासच्या खेड्यांत जुन्या पिढींतील स्त्रियांच्या गळ्यांत चांदीच्या रुपयांची माळ असे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीच्या अशा माळेंतील एक रुपया घरच्यांची परवानगी घेऊन शाळेंत आणला होता. तो राणीछाप होता. म्हणजे त्यावर व्हिक्टोरिया राणीचें मुख होतें. सर्व बांकांवरून तो हातोहात फिरला. तेव्हां एका लहान मुलानें विचारलें कीं, आपल्या आतांच्या रुपयावर राजाचें तोंड कां नाहीं? प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर देतां देतां आम्हांस दोन हजार वर्षें मागें जावें लागलें, आणि तास संपला तरी उत्तर संपलें नाहीं. तें येथें सावकाशीनें पुरें करावें असा आमचा विचार आहे.

१९४७ पर्यंतच्या आपल्या रुपयांवर इंग्लंडच्या राजाचें मुख असे. १९५० सालीं प्रजासत्ताकाचीं पहिलीं नाणीं निघालीं, त्यांवर त्या मुखाच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आले. राज्य बदललें हें सांगण्यास वर्तमानपत्रें होतींच. परंतु ज्यास अक्षर वाचतां येत नव्हतें त्यासहि तें त्याच्या मुठींतील नाण्यानें सांगितलें. धातूवरील मुख ही सत्तेची सर्वांत लहान व सर्वांत दूरवर जाणारी खूण होय. राजा स्वतः ज्या गांवीं कधीं गेला नाहीं, त्या गांवीं त्याचें मुख जातें, आणि शेतकऱ्याच्या कमरेच्या कसेंत जाऊन बसतें.

ही गोष्ट पाश्चात्य देशांतील राजांनीं पुरती ओळखली होती. पंधराव्या शतकांत, ज्यास विद्येच्या पुनरुज्जीवनाचा काळ म्हणतात त्या काळीं, इटलींतील लहानमोठ्या राजांस रोमन बादशहांचीं जुनीं नाणीं जमविण्याचा नाद लागला. त्या नाण्यांवरील मुखें पाहून त्यांसहि वाटूं लागलें कीं आपलें मुख असेंच धातूंत राहावें. १४३८ सालीं पूर्वेकडील रोमन साम्राज्याचा बादशहा आठवा जॉन पॅलिओलोगस हा धर्मसभेसाठीं फेरारा नगरीस आला, तेव्हां पिसानेल्लो नांवाच्या चित्रकारानें त्याच्या मुखाचें एक पदक घडविलें. पुढें फेराराचा अधिपति लिओनेल्लो याच्या १४४४ मधील विवाहाप्रीत्यर्थ त्याच चित्रकारानें एक पदक केलें. त्याच्या एका अंगास लिओनेल्लोचें मुख व दुसऱ्या अंगास गाणें शिकणारा सिंह आहे, कारण लिओनेल्लो या नांवाचा अर्थच सिंहाचा छावा असा आहे. हीं पदकें बाजारांत चालण्यासाठीं नव्हतीं. ज्याची मर्जी हवी त्यास तीं भेट द्यावयाचीं. रिमिनीचा सिगिस्मोंदो मालातेस्ता यानें तर आपल्या मुखाचीं पदकें आपण बांधलेल्या इमारतींच्या भिंतींत व पायांत पुरून ठेविलीं. उद्यां इमारत ढासळली तरी मुख सांपडावें हा त्यांतील हेतु! शाळेच्या बक्षीस-समारंभांत जें पदक आपल्या छातीवर लावतात, त्याचा वंश या राजांच्या पदकांपर्यंत पोहोंचतो.

परंतु धातूवरील मुखाचें हें राजकारण महाराष्ट्रभूमींत त्यांच्यापूर्वीं तेराशें वर्षांहून अधिक काळ एका राजानें असें कांहीं खेळून दाखविलें आहे कीं, इटलीच्या राजांसहि तें सुचलें नसतें. त्यानें आपलें मुख शत्रूच्या मुखाशेजारीं मांडलें नाहीं, शत्रूचें मुख वितळवून टाकलें नाहीं; त्यावर आपला ठसा मारला. हा राजा म्हणजे सातवाहन कुळांतील गौतमीपुत्र सातकर्णि होय. त्याचें चरित्र आम्ही सांगणार आहों. त्यास साधन म्हणून कोणताहि जुना चरित्रग्रंथ नाहीं. आहेत तीं नाणीं, आणि लेण्यांच्या भिंतींवरील कांहीं ओळी.

सातवाहनांची राजधानी गोदावरीकांठचें प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण. नाणेघाटांतील लेण्यांत या कुळाच्या आरंभींच्या राजांचे लेख आहेत. त्यावरून घाटमाथा व कोकण यांना जोडणारी व्यापाराची वाट त्यांच्या ताब्यांत होती हें दिसतें. पुढें कुळाचें दैव फिरलें. गुजराथेच्या बाजूनें क्षहरात वंशाचे शक क्षत्रप पुढें सरकले, आणि इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास त्यांच्यापैकीं नहपान हा नाशिक, जुन्नर, कार्लें एवढ्या मुलुखाचा धनी होऊन बसला. सातवाहनांच्या घरचीच भूमि, आणि तिच्यावर परक्याचा अंमल! या दिवसांत गौतमी बलश्री नांवाच्या राणीचा पुत्र वाढत होता. त्याच्या बाळपणाविषयीं एक ओळहि लिहिलेली नाहीं. पण त्याच्या नांवांतच त्याची आई आहे. या कुळांतील राजे आपल्या मातेच्या गोत्रनामानें ओळखले जात. कोणी गौतमीपुत्र, कोणी वासिष्ठीपुत्र. ही चाल पुढें चरित्रांत फार उपयोगी पडणार आहे, म्हणून ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां शत्रूकडे पाहूं, कारण शत्रु सामान्य नव्हता. भृगुकच्छ म्हणजे भडोच हें त्या काळचें मोठें बंदर नहपानाच्या हातांत होतें. ग्रीक भाषेंत लिहिलेल्या एका नाविक मार्गदर्शिकेंत या बंदराचें वर्णन आहे. रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं तेथें उतरत व देशी नाण्यांशीं त्यांचा नफ्यानें बदला होई. आणि सातवाहनांच्या कल्याण बंदरास जाऊं पाहणाऱ्या ग्रीक जहाजांस पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येई, असें तींत आहे. चांदीचा ओघ असा एकाच दारानें येऊं लागल्यावर त्या दाराचा धनी श्रीमंत झाला यांत नवल नाहीं. त्यानें चांदीचें नाणें पाडलें. आकारानें तें इंग्रजी अमदानींतील चांदीच्या दोन आण्यांएवढें, वजनानें दोन ग्रॅमांच्या आसपास. एका बाजूस राजाचें उजवीकडे पाहणारें मुख व त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत त्याचें नांव. तीन लिप्यांत एकच नांव! परदेशी व्यापारी असो, उत्तरेचा असो कीं येथला असो, नाणें घेणाऱ्यास धनी कोण हें कळलेंच पाहिजे, अशी ती व्यवस्था होती.

या नाण्यांतील एक गंमत आमच्या विद्यार्थ्यांस सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. नहपानाच्या हजारों नाण्यांवरील मुखें एकमेकांशीं जुळत नाहींत. कोठें तरुण, कोठें वृद्ध. कोठें नाक सरळ, कोठें बांकदार. कोठें गाल भरलेले, कोठें बसलेले. म्हणून कांहीं पंडितांस असें वाटलें कीं हीं एका माणसाचीं मुखें नसावींतच. आमच्या अल्पमतीस असें वाटतें कीं, नाणें घेणारास राजा हुबेहूब कसा दिसतो याच्याशीं कर्तव्य नव्हतें. किरीटपट्ट बांधलेलें एक मुख तेथें असलें म्हणजे झालें. तें मुख म्हणजे माणूस नव्हे. तें पद होय.

नहपानाचा जांवई उषवदात हा त्याच्या राज्याचा मोठा आधार. नाशिकजवळील त्रिरश्मि डोंगरावरील ज्या लेण्यांस आपण पांडवलेणीं म्हणतों, तेथें त्यानें एक विहार खोदविला व आपल्या दानांची यादी भिंतीवर कोरून ठेविली. ती यादी वाचतांना माणूस थक्क होतो. तीन लाख गाई. घाट, विश्रामगृहें, विहिरी, नारळीचीं झाडें. आणि तीन हजार कार्षापण रोख. हे तीन हजार त्यानें भिक्षूंच्या हातीं दिले नाहींत, तर गोवर्धन येथील विणकऱ्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले; दोन हजार दरमहा शेंकडा एक या व्याजानें, व एक हजार शेंकडा पाऊण या व्याजानें. व्याजांतून लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंचीं वस्त्रें व किरकोळ खर्च चालावयाचा. पालकांपैकीं जे सावकारी किंवा सहकारी पेढीचा व्यवहार जाणतात, त्यांनीं ही तरतूद अवश्य लक्षांत घ्यावी. नहपानाचें चलन हें असें विणकऱ्याच्या मागापर्यंत व भिक्षूच्या चीवरापर्यंत जाऊन मुरलें होतें. तें उखडणें म्हणजे केवळ एका राजास उखडणें नव्हे.

गौतमीपुत्रानें आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास तें केलें. युद्धाचें वर्णन कोठें नाहीं. जैन ग्रंथांत मात्र एक कथा आली आहे. भडोचेचा राजा नहवाहन कोशानें समृद्ध, व प्रतिष्ठानचा शालवाहन सैन्यानें समृद्ध. शालवाहन वर्षोनुवर्षें वेढा घाली, पण नहवाहन शत्रूच्या शिपायांचीं मस्तकें आणणारांस भरपूर द्रव्य देई, म्हणून शालवाहनाचेंच बळ सरे. शेवटीं शालवाहनाचा मंत्री रुसल्याचें सोंग करून भडोचेस गेला, राजाचा विश्वास संपादून त्यास पुण्याच्या मार्गास लावूं लागला, आणि देवालयें, स्तूप, तळीं, विहिरी बांधविण्यांत त्याचा सारा कोश रिता करविला. मग शालवाहन आला, आणि देण्यास कांहीं उरलें नाहीं म्हणून भडोच पडलें. कथा ती कथाच; इतिहास म्हणून आम्ही ती पुढें करीत नाहीं. तरी उषवदाताच्या त्या लांबलचक दानलेखासमोर उभें राहिलें असतां ती आठवतेच.

विजयानंतरचा पहिला लेख मात्र कथा नव्हे. तो त्याच पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. विजयी सेनेच्या छावणींतून, बेणाकटकाचा स्वामी गौतमीपुत्र सातकर्णि हा गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास आज्ञा करितो. वर्ष अठरावें. आज्ञा काय? पश्चिम ककडी या गांवीं जें शेत आजपर्यंत उषवदातानें भोगलें, तें दोनशें निवर्तनांचें शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस द्यावें, व त्या शेतांत राजसेवकांनीं शिरूं नये, त्यास कोणी हात लावूं नये. त्याच वर्षीं मावळांतील अमात्यास दुसरी आज्ञा गेली. कार्लें येथील भिक्षूंस करजक गांव द्यावें. हें करजक गांव पूर्वीं त्याच भिक्षूंस उषवदातानें दिलेलें होतें! भिक्षु तेच, गांव तेंच. फक्त दात्याचें नांव बदललें. सैन्य अजून छावणींत आहे, घोड्यांचीं खोगिरें उतरलीं नसतील, आणि राजा अशा बारीक गोष्टींत लक्ष घालीत आहे. कां, हें आतां कळेल.

मध्येंच एक गोष्ट. बेणाकटक या नांवांतील बेणा ही आपली वैनगंगा असावी असें म्हणण्याचा मोह आम्हां वैनगंगेच्या खोऱ्यांतील लोकांस सहज होतो. वाकाटकांच्या ताम्रपटांत बेण्णाकट हें नांव या प्रदेशास लावलेलें आढळतेंहि. परंतु नाशिकच्या लेखांत हें बेणाकटक गोवर्धनाचें म्हणून सांगितलें आहे, तेव्हां तें नाशिकच्या आसपासचेंच मानलें पाहिजे. आमचा हक्क आम्ही मुकाट्यानें मागें घेतों.

आतां नाण्यांकडे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत गोदावरीकांठच्या जोगळटेंभी गांवीं जमिनींत नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. सांठा साधा नव्हता. तेरा हजार दोनशें पन्नासहून अधिक चांदीचीं नाणीं, आणि सर्व नहपानाचीं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या मिशनरी गृहस्थांनीं तीं एक एक करून तपासलीं व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेंत १९०८ मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुखें एकमेकांशीं जुळत नाहींत हें त्यांनींच दाखवून दिलें. त्याहून महत्त्वाचें असें कीं, त्यांपैकीं नऊ हजार दोनशें सत्तरांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्यांदा ठसा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा डोंगरासारखा चैत्य, त्याखालीं नागमोडी रेघ, व भोंवतीं ब्राह्मी लिपींत राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णि याचें नांव. दुसऱ्या बाजूस अधिकाच्या चिन्हासारख्या फुलीच्या चार टोकांस चार वर्तुळें असलेलें उज्जयिनी चिन्ह. डोंगर कधीं नहपानाच्या गालावर उठला आहे, कधीं कपाळावर, कधीं कानावर. पण ठसा असा खोल नाहीं कीं खालचें सर्व पुसून जावें. नीट पाहिलें तर चैत्याच्या कमानीखालून नहपानाचें नाक डोकावतें, आणि एखाद्या ग्रीक अक्षराचा पायहि शिल्लक राहिलेला दिसतो.

हें काम हातानें झालें आहे, याचा विचार करा. एक कारागीर नाणें ऐरणीवर ठेवितो, दुसरा ठसा धरून हातोडा घालितो. पुढचें नाणें, पुन्हां हातोडा. नऊ हजार तर एकट्या या सांठ्यांत निघालीं. सर्व राज्यांत मिळून किती झालीं असतील, त्याची कल्पनाच करावी.

राजास हा खटाटोप कां करावा लागला? चांदी वितळवून नवीं नाणीं पाडणें अशक्य नव्हतें. तरी त्यानें तसें केलें नाहीं. आमचें मत असें आहे कीं, विणकऱ्यांच्या श्रेणींत ठेवलेली रक्कम, सावकारांच्या वह्यांतील येणें, शेतकऱ्याच्या मडक्यांतील पुंजी, हें सर्व नहपानाच्या नाण्यांत होतें. तें नाणें एकदम रद्द झालें असतें तर नव्या राजाची पहिली ओळख प्रजेस नुकसानीनें झाली असती. तेव्हां नाण्याचें मोल तेंच ठेवून त्याचा धनी बदलावयाचा, हा मार्ग त्यानें काढला. ककडीच्या शेताचें व करजक गांवाचें त्यानें हेंच केलें. उषवदाताचें दान त्यानें मोडलें नाहीं; त्यावर आपलें नांव घातलें. नाणें, शेत, गांव, तिन्हींवर एकाच हाताचा ठसा आहे. आणि खालचें मुख अर्धें दिसत राहिलें हें बरेंच झालें. कोण होता व कोणी जिंकला या दोन्ही गोष्टी एकाच चांदीच्या तुकड्यांत प्रजेनें पाहिल्या. पूर्ण पुसलेल्या मुखानें एवढें सांगितलें नसतें.

त्या ठशांत राजानें स्वतःचें मुख घातलें नाहीं, हेंहि पाहण्यासारखें आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर तोंवर हत्ती, सिंह, घोडा, वृक्ष, चैत्य अशीं चिन्हें येत. राजाच्या मुखाची चाल त्यांच्या घरीं नव्हती. शत्रूच्या मुखावर त्यानें आपल्या कुळाचीं चिन्हें घातलीं आणि नांव घातलें. आणि त्या नांवांत पहिल्यानें आईचें नांव.

परंतु राजाज्ञा निघाली म्हणजे काम झालें असें नाहीं. सहा वर्षांनीं, चोविसाव्या वर्षीं, त्याच लेण्याच्या भिंतीवर दुसरी आज्ञा कोरली गेली. ती गोवर्धनचा अमात्य श्यामक यास आहे, आणि या वेळीं राजाबरोबर राजमातेचेंहि नांव तींत आहे. ककडी गांवांतील जें शेत आम्हीं पूर्वीं भिक्षूंस दिलें तें शेत कोणी कसत नाहीं, व गांवांत वस्तीहि राहिलेली नाहीं; याकरितां नगराच्या सीमेवर आमच्या खाजगी शेतांपैकीं शंभर निवर्तनें त्यांस द्यावीं, असा तिचा भावार्थ आहे. विजेत्यानें मोठ्या डौलानें दिलेलें शेत ओसाड निघालें! युद्धामुळें गांव उठलें कीं आणखी कशानें, तें लेख सांगत नाहीं. पण राजानें ती गोष्ट झांकली नाहीं. पहिल्या आज्ञेखालींच दुसरी कोरविली, व परक्याच्या जमिनीऐवजीं स्वतःच्या जमिनीचा तुकडा दिला. गौतमीपुत्राच्या साऱ्या चरित्रांत आम्हांस ही गोष्ट अधिक प्रिय आहे. तीन समुद्रांपर्यंत घोडे नेणारे राजे इतिहासांत पुष्कळ झाले. आपली आज्ञा फसली हें भिंतीवर कोरून ठेवणारे थोडे.

आणि त्या दुसऱ्या आज्ञेंत आई कां आली? पंडितांनीं यावर निरनिराळीं अनुमानें बांधलीं आहेत. राजा आजारी असावा असेंहि कोणी म्हणतात. आम्ही एवढेंच म्हणतों कीं ती आली, आणि पुढें सर्वांहून मोठें काम तिच्याच हातून झालें.

गौतमीपुत्र निवर्तला. त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावि गादीवर आला. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं वृद्ध राजमाता गौतमी बलश्री हिनें त्रिरश्मि डोंगरावर तें तिसरें लेणें पुरें करवून भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंस दिलें. लेणें देखणें आहे. दाराच्या चौकटीभोंवतीं कोरीव काम आहे, व ओसरीखालीं कोरलेल्या यक्षांच्या खांद्यांवर सारी इमारत तोलली आहे असें वाटतें. ओसरींत दारावरच्या भिंतीवर तिनें प्राकृत भाषेंत एक लांब लेख कोरविला. सांगावयाचें दान, पण लेखाचा बहुतेक भाग पुत्राच्या वर्णनांत खर्च झाला आहे.

या वर्णनांत राजाचा मुलुख आहे: ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर व अवंति. या यादींत विदर्भाचें नांव दिसतांच आमच्या विद्यार्थ्यांनीं मान वर करावी. आपण त्याच्या राज्यांतले! वऱ्हाडांत आजच्या वाशिम जिल्ह्यांतील तऱ्हाळा गांवीं १९३९ मध्यें सातवाहनांच्या सुमारें सोळाशें नाण्यांचा सांठा निघाला व नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी यांनीं त्याचा अभ्यास केला, त्यावरूनहि या कुळाचा अंमल विदर्भांत किती काळ टिकला तें दिसतें. वर्णनांत राजाचे विजय आहेत: शक, यवन व पल्हव यांचा संहार, क्षहरात वंशाचा उच्छेद, सातवाहन कुळाच्या यशाची पुनःस्थापना. त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें असेंहि आहे. आणि याशिवाय वर्णनांत राजाचें रूप आहे. पूर्णचंद्रासारखें मुख, उत्तम हत्तीसारखी चाल, नागराजाच्या शरीरासारखे भरदार दीर्घ बाहु. अभयदानाचें उदक सोडून सोडून सदा ओला राहणारा हात. प्रजेच्या सुखदुःखांत सारखा वांटेकरी, धर्मानें ठरलेलेच कर घेणारा, अपराधी शत्रूचीहि हिंसा नकोशी वाटणारा, आईच्या सेवेंत कधीं न चुकणारा.

यांत अतिशयोक्ति आहे हें उघड आहे. शत्रूची हिंसा नकोशी वाटणारानें एका वंशाचा समूळ उच्छेद केला, हें दोन्ही एकाच लेखांत कसें, असें एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, व त्याचा प्रश्न योग्यच असेल. आपल्या पुत्रानें चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असें राजमातेनें मोठ्या अभिमानानें कोरविलें आहे. आणि पुढें थोड्याच काळानें त्याच्याच कुळांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णि याची राणी एका शक महाक्षत्रपाची कन्या होती, असें कान्हेरीच्या लेखावरून दिसतें! तरीहि त्या लेखांतील रूपवर्णन वाचतांना आम्हांस तें राजस्तुतीपेक्षां निराळें वाटतें. पुत्र जाऊन बरीच वर्षें झालेली एक आजी, नातवाच्या राज्यांत, मुलाची चाल कशी होती व हात कसे होते हें पाथरवटास सांगत आहे. त्याच्या नाण्यांच्या ठशांत त्याचें मुख नव्हतें. तें तिनें दगडांत लिहून ठेविलें.

त्यापुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. शकांचा क्षहरात वंश बुडाला, पण दुसरा वंश उठला. त्यांतील महाक्षत्रप रुद्रदामा याच्या शक ७२ चा उल्लेख असलेल्या गिरनारच्या लेखांत, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णि यास आपण दोनदां उघड लढाईंत जिंकलें, परंतु जवळचें नातें म्हणून त्याचा नाश केला नाहीं, असें म्हटलें आहे. आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्यांत, ज्यांतून १९९९ च्या १ मे रोजीं आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, वैनगंगेच्या कांठीं पवनी हें प्राचीन नगर आहे. तेथें महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याच्या नांवाचा स्मृतिस्तंभ सांपडला आहे. शकांचें नांव आपल्या इतक्या जवळ दगडावर कोरलेलें असेल असें आमच्यापैकीं कितींस ठाऊक होतें?

आणि मुखाचें काय झालें? ज्या मुखावर गौतमीपुत्रानें ठसा मारला, त्याच्यासारखींच मुखें त्याच्या कुळाच्या नाण्यांवर आलीं. स्वतः गौतमीपुत्राच्या नांवाचीं मुख असलेलीं कांहीं चांदीचीं नाणीं पुढें उजेडांत आलीं. पुळुमावि व यज्ञश्री सातकर्णि यांचींहि आहेत. वळण क्षत्रपांच्या नाण्यांचें, पण मुखाभोंवतीं ग्रीक अक्षरांऐवजीं ब्राह्मींत प्राकृत, व मागील बाजूस चैत्य, उज्जयिनी चिन्ह आणि द्राविडी वळणाची भाषा. नहपानानें एक नांव तीन लिप्यांत लिहिलें. यांनीं एक नांव दोन भाषांत लिहिलें. शत्रूची युक्ति घेतली, पण ती आपल्या प्रजेच्या भाषेंत उतरविली. यज्ञश्रीचें असें एक नाणें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं सोपारा येथील स्तूप खणतांना आंत मिळालें. रिमिनीच्या मालातेस्तानें भिंतींत पदकें पुरलीं त्याच्या कितीतरी शतकें आधीं कोणी तरी राजाचें मुख असें एका पवित्र वास्तूच्या पोटांत ठेवून दिलें होतें.

जोगळटेंभीच्या सांठ्यांतील एक बाब सांगावयाची राहिली. तेरा हजारांतून नऊ हजार वजा जातां सुमारें चार हजार नाणीं उरतात. त्यांवर ठसा नाहीं. तीं जशीं नहपानाच्या टांकसाळींतून निघालीं तशींच आहेत. राजा किरीटपट्ट बांधून उजवीकडे पाहतो आहे. राज्य बदलून गेलें होतें, हातोडा चालू होता, आणि पाळी येण्यापूर्वींच कोणी तरी हीं सर्व नाणीं, ठसा मारलेलीं व न मारलेलीं, एकत्र करून नदीकांठीं पुरलीं, तो तीं न्यावयास परत आलाच नाहीं.